माझे व्याही आणि पट्टकादंबांचा कोपरा

तमाम पक्षीप्रेमी, पक्षीद्वेष्टे, दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी आणि वनखात्याचे सन्माननीय अधिकारी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कोरीट गावाच्या अंगाला असलेल्या आमच्या लहानशा तलावावर गेले दोन हिवाळे युद्ध चालू होतं. या युद्धात एकही शिवी दिली गेली नाही. आवाज कुणी चढवला नाही. उलट चहा पाजले गेले, जेवणं घातली गेली, टॉवेल-टोपी आणि नारळ दिले-घेतले गेले. तरीही ते युद्धच होतं, कारण एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला माझे व्याही होते आणि मध्ये पाणी होतं.

माझं नंदुरबारात चष्म्याचं दुकान आहे. जगाला नीट दिसावं यासाठी मी दिवसभर काचा घासतो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे दुर्बीण घेऊन तलावावर पळतो. दसरा झाला की मला घरात बसवत नाही. पाण्याचा गढूळपणा खाली बसलेला असतो, काठावर लव्हाळं माजलेलं असतं, आणि एखाद्या सकाळी, काल जिथे नुसतं पाणी होतं तिथे चक्रवाकाची जोडी उभी असते. विटकरी रंगाची, घरच्यासारखी. मग थापटे येतात, फावड्यासारखी चोच पाण्यातून ओढत. मग तलवार बदकं. आणि सगळ्यात शेवटी, कडाका पडल्यावर, पट्टकादंब.

पट्टकादंब हा हिमालय ओलांडून येणारा हंस आहे. राखाडी अंग, पिवळसर चोच, आणि पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे. काजळाचं बोट कुणीतरी एकदा ओढलं, समाधान झालं नाही, म्हणून परत ओढलं, असे. रात्री तो आजूबाजूच्या हरभऱ्या-गव्हात चरतो आणि दिवसा आमच्या तलावाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात विश्रांती घेतो. त्या कोपऱ्यात जमीन इतकी हळूहळू उतरते की पाणी लांबवर घोट्याएवढंच असतं. अख्ख्या तलावात त्याला तेवढीच जागा पसंत आहे. आणि तो फार संशयी आहे. दूरवर माणूस दिसला की सगळ्या माना एकदम ताठ होतात. माणूस आणखी पुढे आला की जागा रिकामी.

आता मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यासाठी आहे. वनखात्याने हा तलाव पक्ष्यांसाठी राखायचं ठरवलं. पाटी लागली. पक्षी बघायला एक मनोरा मंजूर झाला. तो कुठे बांधायचा, एवढंच ठरायचं होतं. माझ्या मते जागा एकच होती, ती म्हणजे सांडव्याजवळ, जिथून जास्तीचं पाणी पावसाळ्यात बाहेर पडतं. तिथे बाभळींचा आडोसा आहे, सकाळचं ऊन पाठीशी असतं, कोपरा समोर दिसतो आणि कोपऱ्यातल्यांना आपण दिसत नाही. व्याह्यांच्या मतेही जागा एकच होती. ती म्हणजे तो कोपरा. ऐन कोपऱ्यात, हंसांच्या डोक्यावर. तिथे मनोरा उभा राहिला असता तर पट्टकादंबांनी तो वरून एकदा पाहिला असता आणि दुसरा तालुका गाठला असता. मी बाकी सगळं गमतीने सांगतो आहे. हे एवढं गमतीने सांगत नाही.

माझे व्याही मूळचे ब्राह्मणपुरीचे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि घर नंदुरबारातच ठेवून, तलावाला लागून जमीन घेऊन पपई लावून बसले. उंच, सडपातळ, मिशा कोरलेल्या. बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहतात, जणू मागे पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आहे. मुलीच्या साखरपुड्याला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ओट्यावरच्या खुंटीला एक दुर्बीण टांगलेली दिसली. माझी बायको हरखली.

"माय वं!" ती मला कोपराने ढोसत म्हणाली. "याहीले बी पाखरंसना नाद शे! दोन्ही जन मस्त जमाडशात!"

मी त्या दुर्बिणीकडे पाहिलं. भिंगावर धूळ होती आणि त्यावर बोटांचे ठसे होते. चष्मेवाल्याला तेवढं पुरतं. आमचं जमणार नाही हे मला त्या खुंटीनेच सांगितलं.

पण लग्न लागलं, मुलगी त्यांच्या घरी गेली, आणि मी मुलीचा बाप झालो. मुलीच्या बापाला आमच्याकडे काय काय करता येत नाही, याची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. व्याह्यांचं म्हणणं खोडता येत नाही. व्याह्यांच्या आधी खुर्चीत बसता येत नाही, घोट घेता येत नाही, दुर्बीण डोळ्याला लावता येत नाही. आणि व्याह्यांनी मोठेपणाने काही देऊ केलं, तर ते लगेच घेता येत नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ते कसं चालतं, बघा. त्यांच्या जीपने तलावावर जायचं असलं की व्याही ड्रायव्हरशेजारचं दार उघडून म्हणतात,

"बठा याही, पुढे तुम्ही बठा."

"नही नही. तुमना मान शे."

"आसं कसं? तुम्ही पाहुना."

"छे छे, तुम्ही बठा ना भो!"

"मी मांगे बठस. माले काय!"

"नही म्हनस ना मी!"

एवढं झालं की व्याही सुस्कारा टाकतात, नाइलाज झाल्यासारखा चेहरा करतात आणि पुढच्या सीटवर बसतात. तिथे ते बसणार हे दार उघडण्याआधीपासून ठरलेलं असतं. पण न विचारता बसले तर ते उद्धट ठरतील, आणि विचारल्यावर मी बसलो तर मी नालायक ठरेन. दोन वर्षं मी नंदुरबार ते कोरीट मागच्या सीटवर, टिफिनच्या पिशव्यांशेजारी, गुडघे छातीला लावून बसतो आहे.

पहिली चकमक टोपीवरून झाली. लग्नात रीतीप्रमाणे मी व्याह्यांना टॉवेल-टोपी दिली होती. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची, मुद्दाम चांगल्या दुकानातून आणलेली. तीच टोपी घालून ते पहिल्यांदा माझ्याबरोबर तलावावर पक्षी बघायला आले. ऊन असं लख्ख पडलेलं, आणि त्या उन्हात ती टोपी आरशासारखी चमकत होती. लव्हाळ्याच्या आडून आम्ही डोकं वर काढलं मात्र, समोरची सगळी बदकं एका दमात उठली.

"आठे पक्षी कमीच शेतस," व्याही म्हणाले.

टोपी काढा, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मीच दिलेली. मान म्हणून दिलेली. मान डोक्यावरून काढून पिशवीत ठेवा, असं सांगणारा बाप अख्ख्या खान्देशात निघायचा नाही. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, आता त्यांना एक खाकी टोपी भेट देतो. ती म्हणाली, "आनि त्यास्नी इचारं का बरं, तं काय सांगशात? पयली टोपी खराब व्हती?" आणि पुढे एक वाक्य, जे ती पुढच्या दोन हिवाळ्यांत वारंवार म्हणाली: "तोंड बंद ठेवा. आपली पोर त्यासना घर शे."

पोर मात्र मजेत होती. मी तिला फोन करून सासऱ्यांना जरा समजावशील का, असं विचारलं, तेव्हा ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "पप्पा, मी दोन्हीकडचं जेवते. मला मध्ये घेऊ नका."

मग राहिलं पक्ष्यांच्या नावांचं. व्याह्यांच्या लेखी जगात पक्ष्यांचे दोन देश होते, आपला आणि सायबेरिया. जो पक्षी त्यांना ओळखू यायचा नाही, तो सायबेरियाचा. एका सकाळी हळदीकुंकू बदकाची जोडी समोर आली. हे बदक इथलंच. इथेच जन्मतं, इथेच अंडी घालतं, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल म्हणून आपल्याच लोकांनी त्याला हे नाव दिलं आहे. व्याह्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. माझी दुर्बीण, कारण त्यांच्या दुर्बिणीतून धुकंच दिसायचं. बराच वेळ पाहिलं.

"सायबेरियानं पाखरू," त्यांनी निकाल दिला.

मी हात जोडले. "आपलं म्हननं बरोबरच शे, याही. फक्त त्या पाखरूले सोताले ते आजून माहीत नही."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या डोक्यावरून पाहिलं. मिशीचं एक टोक हललं. अपमान झाला खरा, पण तो इतका आदराने झाला होता की कुठे बोट ठेवावं ते त्यांना सापडेना. त्या दिवशी परतताना मी मागच्या सीटवर गुडघे छातीशी धरून, राजासारखा आलो.

त्यांनी ते विसरायचं नाव घेतलं नाही. पुढच्या वर्षी थंडी सुरू झाली, नंदुरबारच्या सगळ्या बाजूंनी मिरचीच्या पथाऱ्या लाल झाल्या. ज्यांनी पथारी पाहिली नाही त्यांनी एवढंच समजावं की मोकळ्या रानात, नजर पोचेल तिथवर, ओली मिरची वाळत घातलेली असते आणि बायका ती दिवसभर वर-खाली करत असतात. तलावाकडे जायच्या वाटेवर एका मारवाडी शेठजींची पथारी होती. एका सकाळी व्याह्यांचा फोन आला. पट्टकादंब आले, लवकर या. मी दुकान उघडं टाकून धावलो. नेहमीची वाट सोडून ते मला पथारीच्या मधोमध घेऊन गेले. "जोडे रस्ता शे," म्हणाले. जवळचा रस्ता! बायकांनी नुकतीच मिरची उलथायला घेतली होती. वाऱ्यावर लाल धूळ उडत होती. मी मागे वळून पाहिलं, तर व्याह्यांनी तोंडाला टॉवेल गुंडाळून घेतला होता. मीच लग्नात दिलेला टॉवेल. डोळे तेवढे दिसत होते आणि ते डोळे हसत होते.

आम्ही कोपऱ्याच्या काठाला पोचलो. समोर पट्टकादंबांचा अख्खा थवा. काही एका पायावर उभे, काही चोच पाठीत खुपसून झोपलेले. त्या हिवाळ्याचं माझं पहिलं दर्शन. आणि माझ्या नाकात संबंध नंदुरबार तालुक्याची मिरची. मी नाक दाबलं. श्वास कोंडला. देवाचं नाव घेतलं. मग मी असा शिंकलो की मला वाटतं पलीकडे शेतात पाणी भरणाऱ्या माणसाने हातातलं फावडं टाकलं. माना ताठ झाल्या. पंखांचा एकच फडफडाट, आणि कोपरा मोकळा.

व्याह्यांनी तोंडावरचा टॉवेल सावकाश सोडला. घडी घातली.

"देखा याही," ते अतिशय प्रेमाने म्हणाले, "तुमनामुये उडनात. मंग मनोरा कोठे बी बांधा, उडनारच ना!"

हे एवढ्यासाठी होतं तर! हंसांना कोपऱ्यात मनोऱ्याचा त्रास होईल, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, त्याला त्यांनी माझ्याच नाकाने उत्तर दिलं होतं. मी घरी येईपर्यंत शिंकत होतो. बायकोने डोक्याला बाम लावला आणि विचारलं, "पाखरं दिसनात ना पन?" उत्तरादाखल मी शिंकलो. मी सूड घ्यायचं ठरवलं होतं, आणि सूड मुलीच्या बापाला शोभेल असाच घ्यायचा होता. म्हणजे जेवणातून.

आमच्याकडे व्याह्याला आग्रह करणं हा नुसता अधिकार नाही, कर्तव्य आहे. आणि व्याह्याने आग्रह मोडणं हा यजमानाचा अपमान आहे. मी व्याही-विहिणींना तलावाच्या काठावरच, त्यांच्याच शेताच्या बांधावर, भरिताचं जेवण दिलं. हिरवी लांब वांगी कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजली. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेल सढळ हाताने. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. विहीणबाई आणि माझी बायको भाकरी थापत होत्या आणि मी वाढत होतो.

"आखो एक, याही."

"नही नही, पोट भरनं."

"मन्ही शपथ शे."

"आते जागाच नही, भो."

"पोरनं नाव लिसन सांगस, एक चतकोर!"

पोरीचं नाव घेतल्यावर ते काय करणार? चतकोर म्हणत मी अख्खी वाढली. मग तिच्यावर भरीत, मग भरीत संपवायला आणखी अर्धी, मग वर ताक. मी इतक्या प्रेमाने, इतक्या कळकळीने वाढलं की विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, असे व्याही नशिबाने मिळतात. व्याह्यांचे डोळेही भरून आले होते, पण झोपेने. टोपी चेहऱ्यावर ओढून ते बांधावर आडवे झाले आणि थोड्याच वेळात घोरू लागले.

मी एकटाच सांडव्याकडे गेलो. बाभळींच्या आड बसलो. दुपार कलली होती, आणि आमच्या चुलीच्या धुराने उडालेले ते परत आले. आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, लांबून, एकमेकांना विचारत विचारत. मग आभाळात तिरपी रेघ दिसली. तलावावर येऊन ती रेघ मोडली आणि एकेक हंस पंख आवरून, पाय पुढे काढून, डोलत खाली उतरला. कोपऱ्यातलं उथळ पाणी त्यांच्या पायांनी जरा ढवळलं आणि परत शांत झालं. एक म्हातारा वाटणारा हंस सगळ्यात पुढे उभा राहून पहारा देत होता. बाकीचे पाणी पीत होते, पिसं साफ करत होते, एकमेकांना चोचीने ढकलत होते. मी तिथे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. एवढ्या लांबून इथवर आलेल्या जिवांना विसाव्याला असा एक कोपरा असावा, आणि तो आमच्या तलावात असावा, याने मला इतका आनंद झाला की मी दुर्बीण खाली ठेवून नुसताच बसलो. ही जागा मी देणार नाही. तेव्हाच ठरवलं. मुलगी कुणाच्याही घरी असो.

व्याही उठले तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. टोपी सरळ करत त्यांनी विचारलं, "काही उनं व्हतं का?"

"नही हो, याही," मी म्हणालो. "एक धोबी पक्षी उना व्हता. शेपूट हलायी, चालना गया."

पण ठरवून काय उपयोग होता? संक्रांत झाली आणि मनोऱ्याची जागा नक्की करायला वनखात्याच्या मॅडम येणार असं कळलं. मॅडम नव्या होत्या. कोकणातून बदली होऊन आलेल्या, धडगावच्या घाटात काही दिवस काढून आता आमच्याकडे. तरुण, चटपटीत, बूट घातलेल्या. मी त्यांना आधी एकटं गाठायचा विचार केला होता, पण बायकोने माझा विचार चेहऱ्यावरच वाचला. "याहीसना मांगे काही बोलनात, तं पोरले आयुष्यभर ऐकनं पडी," ती म्हणाली. मग मी तो विचार सोडला. समोरासमोर तर मला व्याह्यांचं म्हणणं खोडता येतच नव्हतं. थोडक्यात, लढाईआधीच हरलो होतो.

त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा व्याही जय्यत तयारीत होते. कोपऱ्याच्या काठावर खुर्च्या मांडलेल्या. मॅडमसाठी शाल-नारळ. विहीणबाई चहाचा थर्मास घेऊन उभ्या. आणि जमिनीवर, ऐन उतारावर, हंसांच्या विष्ठेने पांढऱ्या झालेल्या चिखलाला लागून, चुन्याने आखलेला एक चौकोन. त्यांनी पहाटे उठून मनोऱ्याच्या पायांची जागा स्वतः आखली होती. कोपरे काटकोनात, रेघ जराही वाकडी नाही. खात्यातला हात. त्या गडबडीत हंस कधीच उडून गेले होते, तलावाच्या मध्यावर लांब, खोल पाण्यात, अस्वस्थ तरंगत होते.

मॅडमनी चौकोनाला एक फेरी घातली. "हे कुणी आखलं?"

"मीच, मॅडम. पाटबंधारे खात्यात होतो ना," व्याही म्हणाले. मॅडमसमोर त्यांची भाषा एकदम कचेरीतली झाली होती. "इथून पक्षी अगदी हाताच्या अंतरावर दिसतील. शाळेच्या सहली येतील. रस्ता माझ्या बांधावरून देतो."

"अच्छा. आणि दुसरी एक जागा सुचवली होती ना कुणीतरी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

आणि तेव्हा माझ्या व्याह्यांना मोठेपणा दाखवायची हुक्की आली. मला वाटतं, त्यांना नुसतं जिंकायचं नव्हतं. मी माझ्या तोंडाने त्यांची जागा मागावी, चार माणसांत, मॅडमसमोर, हे त्यांना हवं होतं. ते हसले. दोन्ही हात जोडले, मान तिरकी केली, आणि नाटकातल्यासारख्या गहिवरल्या आवाजात म्हणाले,

"दुसरी जागा आमच्या व्याह्यांची. तिकडे, सांडव्याजवळ. खरं सांगू का मॅडम, पक्ष्यांतलं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं. माझं काही म्हणणं नाही. त्यांची सांडव्याची इच्छा असेल, तर सांडव्याजवळच बांधा."

आणि माझ्याकडे वळून थांबले.

आता माझं वाक्य होतं. तिथल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. विहीणबाईंना पाठ होतं, माझ्या बायकोला पाठ होतं, मागे उभ्या असलेल्या गावातल्या माणसांना पाठ होतं. नाही नाही, असं कसं, तुमचा मान, तुम्ही म्हणाल तीच जागा. मी तोंड उघडलंसुद्धा. पहिला नकार दातांपर्यंत आला. दोन वर्षांच्या सवयीने हात आपोआप जोडले जात होते.

आणि मग मी तोंड मिटलं.

फार काही केलं नाही. खिशातून रुमाल काढला आणि दुर्बिणीचं भिंग पुसायला लागलो. गोल गोल, शांतपणे, दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करत असलं की पुसतो तसं. बायकोने माझ्या बरगडीत कोपर मारलं. मी दुसरं भिंग घेतलं. तिने परत मारलं, या वेळी मनापासून. लांब पाण्यावरून हंसांचा आवाज येत होता. थर्मास घेतलेल्या विहीणबाईंनी श्वास रोखला होता. व्याह्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, वाळत घालून विसरलेल्या कपड्यासारखं.

मॅडम कोकणातल्या. जो बोलतो त्याला बोललेलंच म्हणायचं असतं, अशा भाबड्या समजुतीने वाढलेल्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे दोघांचंही एकमत आहे," त्या खूश होऊन म्हणाल्या. "बरं झालं. मला वाटलं होतं वाद होतील. चला, सांडव्याकडे बघून येऊ. टेप घ्या रे."

"म्हणजे, मॅडम," व्याही घाईने पुढे झाले. "व्याही काय म्हणतात ते... शेवटी ते म्हणतील तसं."

ही त्यांनी मला दिलेली दुसरी संधी होती. मी भिंग उजेडाकडे धरलं, एका डोळ्याने आरपार पाहिलं. एक कण राहिला होता. फुंकर मारली.

"ते तर नको म्हणत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हो ना काका? चालेल ना सांडव्याजवळ?"

मी दुर्बीण गळ्यात अडकवली. व्याह्यांकडे वळलो. कंबरेत वाकलो, त्यांच्या पायांच्या दिशेने हात नेला, लग्नातही वाकलो नव्हतो इतका वाकलो, आणि अत्यंत आदराने म्हणालो, "आपली आज्ञा."

मॅडमची माणसं टेप घेऊन सांडव्याकडे निघाली. व्याही आखलेल्या चौकोनाच्या मधोमध उभे होते. त्यांनी मॅडमच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी डोक्यावरून नाही, थेट डोळ्यांत. मिशा थरथरल्या. मॅडमसमोर सांभाळलेली कचेरीतली भाषा कुठल्या कुठे गेली, आणि भर तलावावर, सगळ्यांच्या देखत, ते ओरडले,

"आरे पन याही, तुम्ही 'नही नही' म्हनाले पायजे व्हतं ना!"